कृपया कॉम्प्युटर बंद करू नका

जुन्या कॉम्प्युटरवर अपडेट बसू लागला की पहिले वीस टक्के बघता बघता होतात. माणूस खूश होतो. म्हणतो, चहा टाकू, तोवर होईलच. चहा उकळतो, गाळून होतो, पिऊन होतो, कप विसळून पालथे घातले जातात, आणि पडद्यावर आकडा असतो पस्तीस. त्याच्या वर ठिपक्यांचं रिंगण फिरत असतं, ते मात्र दमत नाही. खाली सूचना: कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. ही सूचना वाचेपर्यंत तो बंद करावा असं कुणाच्या मनातही आलेलं नसतं. वाचल्यानंतर दुसरं काही सुचत नाही.

त्या टक्क्यांचा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काडीचाही संबंध नसतो, हे कुणीतरी आधीच सांगून ठेवायला हवं. ते टक्के कामाच्या टप्प्यांचे असतात. एखादा टप्पा चुटकीसरशी उरकतो, तर एखाद्यात हजारो बारीकसारीक फायली जुन्या हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर एकेक करून लिहायच्या असतात. पस्तीसवर बसलेला आकडा काम करतोय की मेलाय, हे ओळखायचा एकच मार्ग घराघरांत रूढ आहे: डब्याला कान लावायचा. आत खरखर ऐकू आली की घरात जाहीर करायचं, "चालू आहे, चालू आहे."

अखेर शंभर होतात. कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो, परत बंद, परत चालू, आणि मग ते वाक्य येतं: अपडेट पूर्ण करता आला नाही, केलेले बदल मागे घेत आहोत. या परतीच्या प्रवासात टक्केच नसतात, नुसतं रिंगण. पुढे जाताना निदान खोटा का होईना, एक आकडा सोबतीला होता.

चिंचवडला आमच्या काकांकडे असा एक कॉम्प्युटर आहे. २०१३ साली ओळखीच्या माणसाकडून असेंबल करून घेतलेला. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि वर क्रोशाचं कव्हर. त्याच्या पोटात सोसायटीचा सगळा हिशेब आहे, ताईच्या लग्नाचे फोटो आहेत (ज्यांत सगळ्यांचे डोळे मिटलेत तेसुद्धा), निम्म्या नातेवाइकांच्या पत्रिका आहेत आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला काकांचा पत्रव्यवहार आहे. ही शेवटची बाब सगळ्यात नाजूक. तीच फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की 'महोदय'च्या जागी डॉलरची चिन्हं, कंस आणि टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. काकांनी महानगरपालिकेला लिहिलेली पाण्याबद्दलची पत्रं जगाच्या पाठीवर याच एका डब्यात मराठीत आहेत. त्यामुळे "आता नवा घ्या की" असं म्हणणाऱ्याकडे काका फक्त बघतात. त्या बघण्यात पुढचं सगळं येतं.

या डब्यावर मुळात विंडोज ७ होतं. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं आणि मायक्रोसॉफ्टने ते पहिलं वर्षभर जुन्या गिऱ्हाइकांना फुकट दिलं. फुकट म्हटल्यावर काकांनी ते घेतलं, यात नवल नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने व्यासपीठावरून सांगून टाकलं होतं की विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती. मराठी माणसाने खरं म्हणजे तिथेच सावध व्हायचं. नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' असं छापून आलं की ते नाटक पुढे किती वर्षं चालतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलंच. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ही विंडोज १० ची शेवटची तारीख ठरली. त्यानंतर अर्ज केल्यास वर्षभराची मुदतवाढ. सरकारी खात्यात हयात घालवलेल्या माणसालाही हे सगळं ओळखीचं वाटावं.

गोष्ट त्या शेवटच्या तारखेच्या आधीच्या उन्हाळ्यातली. काकांचा कॉम्प्युटर महिनेच्या महिने एकही अपडेट घेईना. यादी उघडली की लाल अक्षरात ओळीने 'अयशस्वी', 'अयशस्वी', 'अयशस्वी'. काकांना तो शब्द लाल रंगात बघवेना. शाळेत त्यांचा गणिताचा पेपर कधी लाल झाला नव्हता.

अपडेट फसतो ही बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागत नाही. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर आले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, माउसला हात लावला नाही आणि सांगितलं, "अँटिव्हायरस काढा. माझाही असाच होता, अँटिव्हायरस काढला, झाला." दुसऱ्या दिवशी त्यांच्याच समोरच्या दारातले गृहस्थ सांगून गेले, "अँटिव्हायरस घाला. माझाही असाच होता." एमएस-सीआयटी झालेल्या सूनबाईंनी डिस्कची सफाई सुचवली. बेंगळुरूला क्लाऊडचं काहीतरी करणाऱ्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर कॉम्प्युटरचं वय विचारलं, वय ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने रॅम वाढवायला सांगितली. यातला एकही सल्ला चुकीचा नव्हता. प्रत्येक सल्ल्याने कुणाचा ना कुणाचा कॉम्प्युटर खरोखरच सुधारला होता. फक्त तो काकांचा नव्हता.

मग आला दुरुस्तीवाला पोरगा. दारात चप्पल काढता काढता त्याचं निदान झालेलं होतं. "काका, फॉरमॅट मारावा लागेल."

"अरे, अजून बघितलंस कुठे?"

"बघतो ना. पण फॉरमॅट मारावाच लागेल."

अपडेट बसत नाही, आवाज येत नाही, प्रिंटर हलत नाही, की-बोर्डवरचा एखादा खटका दाबला जात नाही, या सगळ्यावर या पोरांकडे एकच औषध असतं. त्यांनाही दोष देता येत नाही. घरी येऊन बघण्याचे ठरलेले पैसे मिळतात. खरा दोष शोधत बसलं तर दुपार जाते. फॉरमॅट मारला की तासा-दोन तासांत घर मोकळं आणि कॉम्प्युटर कोरा. कोऱ्या कॉम्प्युटरला कसला आलाय दोष?

"बॅकअप घेऊ की," तो म्हणाला.

"आणि तो मराठी फाँट?"

"त्याची सीडी असेल ना?"

सीडी होती. काकांनी ती कपाटातून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, पिशवीतल्या पाकिटातून बाहेर काढली. सीडी वाचणारा ड्राइव्ह मात्र केव्हाच बंद पडला होता. पोरगा चप्पल घालून निघून गेला.

आता त्या लाल ओळीपुढे एक क्रमांकही असतो, त्याबद्दल. असा क्रमांक दिसला की माणसाला वाटतं, चला, कॉम्प्युटरने निदान कारण तरी लिहून दिलं. हे क्रमांक सोळाच्या पायावरचे असतात, म्हणून त्यांत मधूनच अक्षरंही सापडतात. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या असंख्य घरगुती कॉम्प्युटरवर एकच क्रमांक उगवला होता: शून्य-एक्स-८००७०६४३. लोकांनी तो कागदावर उतरवून घेतला, एकमेकांना पाठवला. त्यातला शेवटचा ६४३ सोळाच्या पायावरून आपल्या नेहमीच्या आकड्यांत आणला तर येतो १६०३. आणि विंडोजच्या कोष्टकात १६०३ चा अर्थ दिलाय: बसवताना गंभीर चूक झाली. म्हणजे एवढी आकडेमोड करून हाती काय आलं, तर अपडेट बसला नाही. ते तर लाल अक्षरात समोरच लिहिलेलं होतं.

खरं कारण निराळंच होतं. विंडोज स्वतःसाठी डिस्कचा एक छोटा तुकडा राखून ठेवतं, संकटकाळी दुरुस्तीला लागणारी सामग्री त्यात असते. त्या महिन्याच्या अपडेटला त्या तुकड्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि जुन्या कॉम्प्युटरवर हा तुकडा चिंचोळा असतो. बाकी डिस्कवर ३०० जीबी रिकामी असली तरी उपयोग नाही, जागा तिथेच हवी. मायक्रोसॉफ्टने पुढे लिहून दिलं की जागा अपुरी आहे असं सांगण्याऐवजी हा भलताच क्रमांक दाखवला जातोय. त्यावर उपाय म्हणून काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून डिस्कचे तुकडे लहानमोठे कसे करायचे, याची पायरी-पायरीने कृती दिली. ज्यांना प्रिंटरचा कागद अडकला की घाम फुटतो, त्यांनी रविवारी दुपारी स्वतःच्या हार्ड डिस्कच्या हद्दी हलवायच्या. काही महिन्यांनी कळवण्यात आलं की हे आपोआप दुरुस्त होणार नाही, ज्याचं त्याने बघावं.

काळी खिडकी हा तर स्वतंत्र विषय आहे. तिला नुसतं उघडून चालत नाही, 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून' उघडावं लागतं. घरात एकटाच कॉम्प्युटर वापरणाऱ्या माणसाला आपण आपल्याच कॉम्प्युटरचे ॲडमिनिस्ट्रेटर नाही, हे तिथे पहिल्यांदा समजतं. उघडल्यावर तीत एसएफसी स्कॅननाऊ अशी आज्ञा द्यायची. विंडोज आपल्या सगळ्या महत्त्वाच्या फायली तपासतं आणि बऱ्याच वेळाने कळवतं की कुठेही काही दोष आढळला नाही. डॉक्टरने असं सांगितलं की माणसाला बरं वाटतं. इथे पोटात गोळा येतो.

त्याच्या वरचा डोस म्हणजे डिझम. हा विंडोजच्या मूळ साठ्याची डागडुजी करतो. तो ६२.३ टक्क्यांवर अडकतो ही गोष्ट जगभर इतकी प्रसिद्ध आहे की ६२.४ दिसला तर दुरुस्तीवाले एकमेकांना फोन करत असतील. पण डिझमची खरी गंमत पुढे आहे. बिघडलेल्या फायलींच्या जागी घालायला चांगल्या फायली तो आणतो कुठून? आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर विंडोज अपडेटकडून. अपडेट चालत नाही म्हणून डिझम चालवायचा, आणि डिझमने त्याच अपडेटच्या दारात जाऊन उभं राहायचं.

या सगळ्या आज्ञा मावसभावाने व्हिडिओ कॉलवरून एकेक अक्षर सांगत काकांकडून टाइप करून घेतल्या. "काका, आता स्पेस." "दिली." "आता तिरकी रेघ." "कुठल्या बाजूला झुकलेली?" तिरकी रेघ पुढे झुकते की मागे, हे मराठीत फोनवरून सांगता येत नाही. "डावीकडून चढणारी" असं म्हणून बघितलं, तर काकांनी विचारलं, "खालून बघितलं तर की वरून?" अर्धवट उतरलेल्या अपडेटची फोल्डरं पुसून झाली, अपडेटची सेवा थांबवून पुन्हा सुरू करून झाली, समस्यानिवारक चालवून झाला. समस्यानिवारकाने समस्या सापडली आणि दूर केली असं हिरव्या खुणेसह सांगितलं. अपडेट लावला, तर पुन्हा लाल.

आता जरा काकूंकडे वळतो. इतका वेळ त्या या प्रकरणात नव्हत्या, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

विंडोजचा अपडेट ज्यांनी आखला, त्यांच्या डोळ्यांसमोर एक घर होतं. त्या घरात कॉम्प्युटर रात्रभर चालू असतो, माणसं झोपतात, आणि मध्यरात्री कॉम्प्युटर आपला आपण अपडेट होऊन, उठून, बसून, सकाळी तयार असतो. 'कामाच्या वेळा' म्हणून सकाळी ८ ते संध्याकाळी ५ हे तास त्यात आधीच भरून ठेवलेले असतात. त्या तासांत तो तुम्हाला त्रास देत नाही, बाकीचा वेळ त्याचा. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये हिशेब मांडून सांगितलं की अपडेट आल्यानंतर तो नीट बसायला कॉम्प्युटर किमान २ तास सलग आणि एकूण ६ तास चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो.

दोन तास सलग! काकांचा कॉम्प्युटर अर्धा तास चालतो. मेंटेनन्सच्या पावत्या, एखादी मेल, बँकेची शिल्लक, संपलं. आणि रात्रीचं म्हणाल, तर साडेनऊला काकूंची फेरी निघते. गॅसचा खटका, मागचं दार, गीझर, टीव्हीचं भिंतीवरचं बटण, मिक्सरचं बटण (मिक्सर चालू नसतोच, पण बटण), मोबाइलचा चार्जर आणि शेवटी कॉम्प्युटर, त्याचा यूपीएस आणि त्या दोघांचं मिळून भिंतीवरचं बटण. फक्त फ्रिजला माफी. महाराष्ट्रातली निम्मी घरं रात्री याच पद्धतीने बंद होतात, आणि वीजबिल बघता काकूंचं चुकतं असं म्हणायची माझी छाती नाही.

त्यात वारांची भानगड. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडे सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. चिंचवडला ते पोचतात तेव्हा काकूंची फेरी आटोपलेली असते. बुधवारी सकाळी काका अर्धा तास बसतात, तेवढ्यात अपडेट उतरायला लागतो आणि बटण बंद होतं. गुरुवारी देखभालीसाठी लाईट नसते, पुण्या-चिंचवडात गुरुवार म्हटलं की तेच. शुक्रवारी अपडेट पुन्हा पहिल्यापासून.

तरीही एवढ्याने महिनेच्या महिने लाल ओळी येत नाहीत. आणखी काहीतरी होतं, आणि ते काकू रोज सांगत होत्या.

"याचे रोज सकाळी बारा वाजलेले असतात," असं त्या म्हणायच्या. कॉम्प्युटरवरून कापड फिरवताना म्हणायच्या, काका चालू करत असताना मागून म्हणायच्या. आम्ही सगळ्यांनी तो त्यांचा या यंत्राबद्दलचा एकूण अभिप्राय समजून सोडून दिला. त्यांचं म्हणणं शब्दशः होतं. कॉम्प्युटर सकाळी चालू झाला की कोपऱ्यातल्या घड्याळात रात्रीचे बारा वाजून गेलेली दोन-तीन मिनिटं दिसत. आणि तारीख: १ जानेवारी २०१२.

त्याआधी पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा असं लिहिलेलं असायचं. काका एफ-१ दाबायचे. कधीपासून? "पहिल्यापासूनच असेल," काका म्हणाले. नव्हतं. पण रोज दाबल्यावर ते पहिल्यापासूनच आहे असं वाटायला लागतं. बँकेची साईट 'तुमचं घड्याळ मागे आहे' म्हणून अडून बसली की काका तारीख हाताने बदलायचे, शिल्लक बघायचे, आणि बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा २०१२.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. वीज बंद असताना आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. प्लग लावलेला आणि बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार येत नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं की सगळी रात्र, दुपार, काका-काकू लेकीकडे गेले की सबंध महिना त्या सेलने काढायचा. तो कधीतरी संपणारच. संपला की घड्याळ आपल्या जन्मतारखेवर परत जातं.

आणि तारखेचा अपडेटशी फार जवळचा संबंध आहे. इंटरनेटवर सुरक्षित जोडणी करताना पलीकडचा सर्व्हर एक प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे ते लिहिलेलं असतं. २०२५ चं प्रमाणपत्र २०१२ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरपुढे धरलं, तर तो म्हणणार, हे अजून सुरूच झालेलं नाही. नियमाने बघता तो अगदी बरोबर. मग इंटरनेटवरून स्वतःचं घड्याळ लावून घ्यायला काय होतं? तीही सोय विंडोजमध्ये आहे, पण घरच्या कॉम्प्युटरवर फरक साधारण १५ तासांहून जास्त असेल तर ते आपोआप दुरुस्त करायला नकार देतं. पाच-दहा मिनिटं चुकलेल्याला ते सांभाळून घेतं. तेरा वर्षं चुकलेल्याकडे दुर्लक्ष करतं.

सेलचं नाव सीआर २०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. कॉम्प्युटरच्या दुकानात जायचीही गरज नाही, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतो. त्याने "गाडीच्या किल्लीचा ना?" असं विचारत एक पट्टी कापून दिली. पन्नासच्या नोटेतून पैसे परत आले. इतक्या सल्ल्यांनंतर एवढ्या स्वस्तात सुटका होते हे काकांना पटेना, त्यांनी दोन घेतले.

रविवारी काकांनी डबा जेवणाच्या टेबलावर आडवा निजवला. बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढले, पत्रा मागे सरकवला. आत राखाडी धुळीची अशी गादी होती की पंख्याची पाती ओळखू येत नव्हती. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन टरफलं. काकूंनी पाट्या घासायचा जुना ब्रश आणून दिला आणि "माझ्या टेबलावर नको" हे वाक्य गिळून टाकलं, ते दिसलं. वायरींच्या जुडग्याखाली तो सेल होता. शेजारी एक बारीक खिट्टी असते, ती नखाने दाबली की सेल टुणकन वर येतो. तो वर आला, टेबलावरून घरंगळला आणि फ्रिजखाली गेला. जुना होता म्हणून कुणी मागे लागलं नाही. नवा सेल लिहिलेली बाजू वर ठेवून दाबला, खट् झालं, पत्रा लागला, क्रोशाचं कव्हर सोडून सगळं जागेवर गेलं. तारीख शेवटची एकदा हाताने घातली.

"आता बटण बंद करून बघा," मावसभाऊ फोनवरून म्हणाला. काकूंनी केलं. सकाळी तारीख बरोबर. एफ-१ कुणी मागितलं नाही. काकांनी तरीही एकदा दाबलं.

पुढचा भाग मात्र सेलच्या हातात नव्हता. दोन तास सलग हवेच होते, आणि साठलेले अपडेट दोन तासांत आवरण्यातले नव्हते. म्हणजे रात्रभर बटण चालू ठेवायचं. हे काकूंना सांगायचं कोणी, यावर आम्हा तिघांत खल झाला. शेवटी काकांनी सांगितलं, आणि सांगताना सेल मुळात का संपला हे त्यांनी गाळलं. ते शहाणपणाचंच होतं. काकूंनी एका रात्रीची परवानगी दिली, पण यूपीएसचा हिरवा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर टॉवेल टाकला, आणि तो तापेल म्हणून काकांनी बारा वाजता उठून काढला. मध्ये एकदा आकडा पस्तीसवर थांबला. काकांनी डब्याला कान लावला आणि झोपायला गेले.

सकाळी सगळ्या ओळी काळ्या अक्षरात 'यशस्वी' होत्या. काय बदललं म्हणाल, तर खालच्या पट्टीत पुण्याचं तापमान आणि ढगाचं एक चित्र दिसायला लागलं. आणि एक सूचना आली की हा कॉम्प्युटर विंडोज ११ साठी पात्र नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. काकांचा तिसऱ्या पिढीतला. इतकी खटपट करून अद्ययावत झालेल्या कॉम्प्युटरने पहिली बातमी दिली ती आपण म्हातारे झाल्याची. काकांनी 'नंतर आठवण करा' दाबलं आणि मेंटेनन्सच्या पावत्या काढायला घेतल्या.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची रात्र कॉम्प्युटरला दिलेली आहे. काकूंनी ते कालनिर्णयवर लिहून टाकलं. त्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, बाईच्या सुट्ट्या असं सगळं असतंच, त्यात 'बटण चालू' ही एक नवी नोंद. पहिल्याच खेपेला घोळ झाला. १२ ऑगस्ट २०२५ ला दुसरा मंगळवार आणि अंगारकी एकत्र आली. काकूंचा दिवसभर उपास. चंद्रोदय सव्वानऊच्या सुमाराला, अपडेट साडेदहाला. चंद्र ढगात होता, म्हणून वेळ बघून नैवेद्य दाखवला, जेवणं झाली, आणि सवयीने काकूंची फेरी निघाली. कॉम्प्युटरच्या बटणापाशी येऊन त्या थांबल्या, भिंतीकडे गेल्या, आपलीच नोंद वाचली आणि परत फिरल्या.

"अहो, हे दर महिन्याला असंच का? ठरलेल्या वारी?"

"हो. दुसरा मंगळवार."

"तारीख आधीपासून माहीत असते?"

"वीस वर्षं तोच वार आहे."

"मग हे लोक साळगावकरांनाच सांगून कालनिर्णयात छापून का घेत नाहीत?" काकू म्हणाल्या. "संकष्टीच्या खाली जागा असते की."